असेंब्ली लाइन बॅलन्सिंग आणि वाढती मॉडेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, वाळूज, सातपूर, रांजणगाव, कुठल्याही कारखान्याच्या शॉपवर लाइन लीडर आणि शिफ्ट सुपरवायझर विचारतात ते हे प्रश्न. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: घरगुती मिक्सर-ग्राइंडरची लाइन. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या लाइनवर तुमचे घाला, रीत तीच राहील.

लाइन बॅलन्स करायची म्हणजे नक्की काय करायचं?

एकूण काम स्टेशनांमध्ये, म्हणजे लाइनवरच्या कामाच्या जागांमध्ये, असं वाटायचं की कुणाच्याही वाट्याला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त येणार नाही आणि कुणी हात बांधून उभंही राहणार नाही. वाटताना कामाचा क्रम मोडता येत नाही: वायरी जोडायच्या आधी तळझाकण लावून चालत नाही. बस, एवढंच. अवघड होतं ते दोन कारणांनी. एक तर कामाचे तुकडे हवे तसे कापता येत नाहीत. दुसरं म्हणजे लाइनवर एकच मॉडेल चालत नाही. दुसरं कारण जास्त त्रास देतं आणि त्याच्याकडे कमी लक्ष जातं.

टॅक्ट टाइम कसा काढायचा?

टॅक्ट टाइम म्हणजे मागणी भागवायला दर किती सेकंदांनी एक नग निघायला हवा, ती वेळ. हातात असलेला वेळ भागिले लागणारे नग. शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. त्यातून जेवणाची ३०, दोन चहाचे २०, सुरुवातीच्या मीटिंगची ५ आणि शेवटच्या साफसफाईची ५ मिनिटं वजा केली की उरतात ४५० मिनिटं, म्हणजे २७,००० सेकंद. मागणी ६०० नगांची असेल तर टॅक्ट ४५ सेकंद.

टॅक्ट ग्राहकाच्या मागणीवरून येतो, सायकल टाइम (एका नगाला प्रत्यक्ष लागणारी वेळ) तुमच्या कामावरून. 'आमचा टॅक्ट ५० आहे, कारण लाइन तेवढीच चालते' असं कुणी म्हणालं तर तो सायकल टाइम सांगतो आहे.

टॅक्ट ४५ चा, मग स्टेशनं ४२ वर का भरायची?

लाइन थांबते म्हणून. स्क्रू ड्रायव्हरचा बिट झिजतो, मटेरियल उशिरा येतं, चाचणी यंत्र अडतं. लाइन ९३ टक्के वेळ चालते असं मागच्या महिन्याच्या नोंदींवरून दिसत असेल, तर ४५ गुणिले ०.९३, म्हणजे साधारण ४२. हे ९३ टक्के नोंदवहीतून यायला हवेत, मनातून नाही. थांब्यांची नोंद नसेल तर दोन आठवडे ती ठेवा आणि मगच बॅलन्सला हात घाला.

वेळ मोजताना ऑपरेटर मुद्दाम हळू काम करतो. काय करावं?

कशासाठी मोजतोय हे आधी सांगा आणि एका स्टेशनवर निदान दोन वेगवेगळ्या ऑपरेटरांची मोजणी घ्या. छोट्या सायकलसाठी प्रत्येकी १० ते १५ वाचनं पुरतात. वाचनं फार विखुरलेली असतील तर संख्या वाढवण्याआधी कारण शोधा: बहुतेक वेळा भाग नीट बसत नसतो किंवा भागांचा बिन (डबा) लांब असतो.

मग रेटिंग, म्हणजे ऑपरेटरची गती सामान्य गतीच्या किती टक्के आहे याचा अंदाज. सरासरी वेळ १५ सेकंद आणि कामाची गती ११० टक्के दिसली, तर सामान्य वेळ १६.५ सेकंद. त्यावर थकवा आणि विश्रांतीसाठी १२ टक्के सवलत धरली तर प्रमाण वेळ साडेअठरा सेकंद. इथे एक चूक सर्रास होते. चहाची वेळ टॅक्ट काढताना वजा केलेली असते आणि तीच विश्रांती सवलतीत पुन्हा धरली जाते. एकच गोष्ट दोनदा मोजली की कागदावर एक माणूस जास्त लागतो.

मोजणीला सर्वांत वेगवान ऑपरेटर निवडू नका. तो सुट्टीवर गेला की बॅलन्सही त्याच्यासोबत सुट्टीवर जातो.

काम किती बारीक तुकड्यांत तोडायचं?

दुसऱ्या माणसाकडे दिलं तरी वेळ वाढणार नाही एवढ्या तुकड्यांत. चार स्क्रूंपैकी दोन इथे, दोन पुढच्या स्टेशनवर, असं करता येतं. पण मग ड्रायव्हर दोन लागतात, नग दोनदा धरावा लागतो आणि सुटलेला स्क्रू कुणाचा यावर रोज वाद. नग उलटा-सुलटा करणंही एकदाच व्हावं. मिक्सरची बॉडी तळझाकण लागेपर्यंत उलटी असते. कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) आणि नॉबसाठी ती सुलटी होते. सुलट्या बाजूचं एखादं काम मध्येच घुसवलं की प्रत्येक नगामागे तीन-चार सेकंद नुसते फिरवण्यात जातात.

प्रत्यक्ष बॅलन्स कसा करतात? उदाहरणासह सांगा.

कामं आणि वेळा सेकंदांत अशा: बॉडी फिक्स्चरवर (नग धरून ठेवणाऱ्या साच्यावर) उलटी ठेवून तपासणं १२, रोटरी स्विच १८, ओव्हरलोड प्रोटेक्टर १४, मोटर गॅस्केटसह बसवणं २०, मोटरचे चार स्क्रू २४, मेन कॉर्ड आणि कॉर्ड ग्रिप २२, वायर जोडणी ३६, वायरी टायने बांधणं १२, तळझाकण आणि त्याचे स्क्रू २६, रबरी पाय १०, कपलर १५, नॉब ६, विद्युत चाचणी ३८, पुसून रेटिंग लेबल १४, भांडी, पुस्तिका आणि मिक्सर खोक्यात भरणं ६०. एकूण ३२७ सेकंद.

३२७ भागिले ४२ म्हणजे ७.८, तेव्हा आठपेक्षा कमी माणसांत हे होणारच नाही. आता १९६१ साली हेल्गेसन आणि बर्नी यांनी मांडलेली स्थानभाराची पद्धत वापरू. प्रत्येक कामाचा भार म्हणजे त्याची स्वतःची वेळ अधिक त्याच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सगळ्या कामांची वेळ. वायर जोडणीचा भार २१७ येतो, मोटर बसवण्याचा २६१, मेन कॉर्डचा २३९, स्विचचा २३५. जास्त भाराचं काम आधी उचलायचं. ४२ मध्ये मावत नसेल, किंवा त्याच्या आधीचं काम झालेलं नसेल, तर यादीतलं पुढचं बघायचं.

वाटप असं होतं:
स्टेशन १: बॉडी आणि मोटर, ३२ सेकंद.
स्टेशन २: मोटरचे स्क्रू आणि रोटरी स्विच, ४२.
स्टेशन ३: मेन कॉर्ड आणि प्रोटेक्टर, ३६.
स्टेशन ४: वायर जोडणी, ३६.
स्टेशन ५: वायर टाय आणि तळझाकण, ३८.
स्टेशन ६: रबरी पाय, कपलर, नॉब, ३१.
स्टेशन ७: चाचणी, ३८.
स्टेशन ८: लेबल आणि पॅकिंग, ७४, इथे दोन माणसं, प्रत्येकी ३७.

माणसं नऊ. सर्वांत लांब स्टेशन ४२ चं, म्हणून बॅलन्स कार्यक्षमता ३२७ भागिले ३७८ (९ गुणिले ४२), म्हणजे साडेशहाऐंशी टक्के.

हे भिंतीवर लावायचं तर यामाझुमी चार्ट करा. जपानीत यामाझुमी म्हणजे ढीग रचणं. प्रत्येक स्टेशनचा एक खांब, त्यात प्रत्येक कामाची पट्टी वेळेच्या प्रमाणात कापलेली, आणि टॅक्टची आडवी लाल रेघ. चुंबकी पट्ट्या असतील तर काम इकडून तिकडे हलवून लगेच दिसतं. पट्टीत चालणं आणि थांबणं वेगळ्या रंगात दाखवा. काम हलवण्याआधी ते रंग कमी करता येतात का, ते बघा.

एकच काम टॅक्टपेक्षा मोठं असेल तर?

वरचं पॅकिंग ६० सेकंदांचं आहे. वाटा तीन. काम तोडा; किंवा काही भाग लाइनबाहेर करा, उदाहरणार्थ भांड्यांचा संच आधीच पिशवीत भरून आणा; किंवा दोन माणसं समांतर लावा, म्हणजे प्रत्येक जण एकाआड एक नग घेईल. समांतर स्टेशनला प्रत्येकाकडे सगळं मटेरियल आणि साधन लागतं, जागा दुप्पट जाते. पॅकिंगला ते परवडतं. चाचणी यंत्राला परवडेलच असं नाही.

साडेशहाऐंशी टक्के कमी नाहीत का? ऑडिटर ९५ मागतात.

एकाच मॉडेलच्या लाइनवर ९५ मागायला हरकत नाही. अनेक मॉडेलांच्या लाइनवर सगळी स्टेशनं काठोकाठ भरली की पहिल्याच वेगळ्या मॉडेलला लाइन थांबते. ९५ टक्के चार्टवर दिसतात, नग मात्र ५५० च निघतात. आधी नग मोजा.

मॉडेल बदललं की बॅलन्स बिघडतो. सरासरी घेऊनच तर केला होता!

सरासरीमुळेच बिघडतो. वर वायर जोडणीला ३६ सेकंद धरले. ते कुठून आले? साध्या मॉडेलला ३१ लागतात. एलईडी दिव्याच्या मॉडेलला दोन लग (वायरीच्या टोकाचे जोड) जास्त, त्यामुळे ५६. शंभरात ऐंशी साधे, वीस एलईडीचे: सरासरी बरोबर ३६. चार्टवर खांब लाल रेघेखाली दिसतो, पण एलईडीचा प्रत्येक नग टॅक्टच्या ११ सेकंद पुढे जातो.

लाइनवर ते असं दिसतं. कन्व्हेयर दर ४५ सेकंदांना १.२ मीटर सरकतो. एलईडीचा पहिला नग संपेपर्यंत ऑपरेटर स्टेशनच्या हद्दीबाहेर सुमारे ३० सेंटिमीटर गेलेला असतो. लगेच दुसरा आला तर ५९. तिसरा आला तर ८८, म्हणजे तो पुढच्या माणसाच्या अंगावर. वायर जोडणाऱ्याला पुढे सरकायला ६० सेंटिमीटर मोकळे ठेवले असतील तर सलग दोन कसेबसे जातात, तिसरा जात नाही. साध्या नगावर १४ सेकंद परत मिळतात. तिसऱ्यानंतरची ३३ सेकंदांची उधारी फेडायला तीन साधे नग लागतात, आणि तोवर आणखी एक एलईडी आला की झालंच.

म्हणून चार्टवर प्रत्येक स्टेशनला दोन खांब काढा: एक भारित सरासरीचा, दुसरा सर्वांत जड मॉडेलचा. सरासरी रेघेखाली हवीच. जड खांब रेघेवर गेला तर मागे वळून तीन गोष्टी बघा. ते जादा काम उपजोडणीत नेता येईल का? एलईडीची वायर स्विचवर आधीच लावून आणली तर ५६ चे ३१ होतात. ते नाही जमलं तर शेजारी हलकं स्टेशन आहे का? तेही नसेल तर क्रम बांधून द्या.

मग मॉडेलं मिसळून चालवावीत की बॅचमध्ये?

जड मॉडेलचं काम एका-दोन स्टेशनांत साचत असेल तर मिसळून. या उदाहरणात चार साधे, एक एलईडी, असा क्रम लावला की लाइन थांबत नाही. तेच १२० एलईडी नग सलग चालवले तर त्या वेळात लाइनला ५६ सेकंदांनीच चालावं लागेल. १२० गुणिले ११, म्हणजे १,३२० सेकंद, २२ मिनिटं, साधारण २९ नग गेले.

बॅच कधी? चेंजओव्हर, म्हणजे एका मॉडेलवरून दुसऱ्यावर जातानाची बदलाबदल, खरंच लांब असेल तर: फिक्स्चर बदलणं, चाचणी यंत्राचा प्रोग्रॅम, रंगाची सफाई. तेव्हा आधी चेंजओव्हर छोटा करा. 'स्टोअरला सोपं जातं' हे बॅचचं सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण. ते खोटं नाही, पण मग ती सोय लाइनच्या २९ नगांवर होते आहे, हे प्लॅनिंगला दाखवायला हवं.

क्रमाचा नियम लाइन लीडरला एका वाक्यात सांगता आला पाहिजे: 'एलईडीच्या दोन नगांमध्ये निदान तीन साधे.' दहा नियम दिले की एकही पाळला जात नाही.

वेळ टॅक्टमध्ये बसते, तरी काही स्टेशनांवर चुका होतातच. का?

त्या स्टेशनवर सेकंदांपेक्षा निवड जास्त आहे म्हणून. तीन वॉटेज, चार रंग, भांड्यांचे दोन संच, एलईडी आहे-नाही: गुणाकार ४८. पण ४८ हा आकडा घाबरवतो, शिकवत काही नाही. प्रत्येक स्टेशनला किती निवड करावी लागते ते मोजा. मोटरवाल्याला तीन, वायरवाल्याला दोन, लेबलवाल्याला तीन, पॅकिंगवाल्याला चार रंग आणि दोन संच.

निवडीचं ओझं मोजायला शॅननची एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप, उपयोगी पडते. तिचं एकक बिट. चार रंग समप्रमाणात येत असतील तर २ बिट. तेच ९०, ५, ३ आणि २ टक्के असतील तर ०.६२ बिट. मानसशास्त्रज्ञ हिक यांच्या १९५२ च्या प्रयोगांपासून माहीत आहे की निवडीला लागणारा वेळ या मापाबरोबर वाढतो. जास्त बिटांच्या स्टेशनला टॅक्टच्या ८०-८५ टक्क्यांवरच थांबा. वरच्या वाटपात पॅकिंगला ३७ सेकंद आहेत, म्हणजे ८२ टक्के. ते तसेच राहू द्या, 'रिकामा दिसतो' म्हणून आणखी काम देऊ नका.

मात्र कमी बिट म्हणजे कमी धोका नव्हे. दोन टक्क्यांनी येणारा रंग हाताच्या सवयीतून निसटतो: पन्नासावा नग असतो आणि हात आधीच पहिल्या बिनमध्ये गेलेला असतो. दुर्मिळ मॉडेलसाठी डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्याची किट ट्रे नगासोबतच पाठवा. ५०० वॉटच्या मिक्सरवर ७५० चं लेबल ही नुसती रिवर्कची (नग पुन्हा दुरुस्त करण्याची) गोष्ट राहत नाही, माल परत बोलावावा लागतो. तिथे बॉडीवरचा बारकोड स्कॅन झाल्यावरच प्रिंटरने एकच लेबल काढावं. छापील लेबलांचे तीन गठ्ठे टेबलावर असतील तर चूक कधी होईल एवढाच प्रश्न उरतो.

मार्केटिंग दर तिमाहीला नवा व्हेरियंट आणतं. लाइनने काय करावं?

फरक जितका उशिरा पडेल तितका बरा. रंगीत पट्टी, लेबल, भांडी, पुस्तिका ही शेवटी येतात. त्यांतले व्हेरियंट वाढले तरी पहिल्या सात स्टेशनांना कळतही नाही. स्विचची जागा किंवा मोटरच्या स्क्रूचं अंतर बदललं तर मात्र पहिल्या स्टेशनपासून फिक्स्चर, बिन, शिकवणी, सगळं दुप्पट होतं. नव्या मॉडेलच्या ट्रायलच्या वेळी डिझाइनला एवढंच विचारा: यातला पहिला वेगळा भाग कितव्या स्टेशनला लागतो?

फोर्डने १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात चालती लाइन सुरू केली आणि चॅसिस जोडणीचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आणला. पुढची बरीच वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. तशी सोय आता कुणालाच नाही.

चाचणी स्टेशन नेहमी अडतं. त्याचा वेळ तर कमी आहे.

फेल झालेला नग पुन्हा तपासला जातो, तो वेळ कुणी धरत नाही. ३८ सेकंदांच्या चाचणीत ३ टक्के नग पुन्हा आले तर सरासरी ३९. १२ टक्के आले तर साडेबेचाळीस, म्हणजे ४२ ची मर्यादा ओलांडली. रिवर्क लाइनवर करू नका. लाल टॅग लावून नग बाजूला काढा, वेगळ्या टेबलावर दुरुस्त करा आणि ठरलेल्या फटीतच परत घाला. आणि यंत्र चाचणी करत असताना ऑपरेटर नुसता उभा असेल तर ती वेळ दुसऱ्या हातकामाला वापरता येते. माणसाची वेळ आणि यंत्राची वेळ वेगवेगळी लिहा.

दोन स्टेशनांमध्ये किती नग साठू द्यायचे?

हातकामाच्या स्टेशनांत एक, फार तर दोन. चाचणीच्या आधी तीन-चार चालतील. जागा जमिनीवर आखून टाका. आखलेल्या चौकटी भरल्या की मागच्याने थांबायचं. जास्त साठा ठेवला की असमतोल झाकला जातो आणि चुकीची वायर जोडलेले वीस नग पुढे गेल्यावर कळतं.

गणपती-दिवाळीत माणसं कमी असतात. बॅलन्स टिकवायचा कसा?

गणपतीत कोकणातली मंडळी गावी जातात आणि दिवाळीची मागणी नेमकी तेव्हाच उभी राहते. आयत्या वेळी आलेल्या ट्रेनीला वायर जोडणीवर उभं करणं हा सर्वांत महागडा उपाय. नऊ जणांमागे एक फिरता माणूस असा ठेवा की त्याला निदान पाच स्टेशनं येतात. कौशल्य तक्ता भिंतीवर असतोच. तो खरा ठेवा. नियम साधा: प्रत्येक स्टेशनला तीन जण तयार, प्रत्येकाला तीन स्टेशनं येतात. नवख्याला कमी निवडीचं आणि हलकं स्टेशन द्या. इथे ते सहावं, रबरी पाय आणि कपलरचं.

सॉफ्टवेअर घ्यावं का?

पंधरा कामांना एक्सेल पुरे. शंभराच्या वर कामं आणि दहाच्या वर मॉडेलं असतील तर सॉफ्टवेअर वेळ वाचवतं. गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न अवघडच आहे: कामं वाढली की शक्यता इतक्या वाढतात की सर्वोत्तम उत्तर सापडेलच याची हमी राहत नाही. पण शॉपवर अडतं ते तिथे नाही. वेळा जुन्या असतात, क्रमाचे निर्बंध अपुरे लिहिलेले असतात. 'हा ड्रायव्हर तिथपर्यंत पोचत नाही' हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

नवा बॅलन्स लागू कधी आणि कसा करावा?

शिफ्टच्या मध्ये नाही. आदल्या संध्याकाळी बिन, साधनं आणि कामाच्या सूचनांचे तक्ते हलवा. सकाळी पहिले वीस नग कमी वेगाने काढा आणि स्टेशननिहाय वेळ घ्या. पहिल्या दिवशी नग कमीच निघतात. तीन दिवस तरी जुन्या मांडणीवर परत जाऊ नका. टॉर्क (स्क्रूचा आवळ), चाचणी किंवा लेबल यात चूक दिसली तर मात्र तिथल्या तिथे थांबवा.

मागणी ६०० वरून ४०० वर आली. माणसं तीच ठेवून लाइन हळू चालवली तर?

बहुतेक ठिकाणी तेच होतं. नऊ जण ४०० नग काढतात, काम दिवसभर पसरतं आणि अडचणी दिसेनाशा होतात. पुन्हा बॅलन्स करा. टॅक्ट ६७.५ सेकंद; ९३ टक्क्यांनी स्टेशनची मर्यादा ६२. वाटप: बॉडी, मोटर आणि तिचे स्क्रू ५६, कॉर्ड, स्विच, प्रोटेक्टर ५४, वायर जोडणी आणि टाय ४८, तळझाकण, पाय, कपलर, नॉब ५७, चाचणी आणि लेबल ५२, पॅकिंग ६०. सहा माणसं. माणशी नग दोन्ही वेळा ६६ च्या वर, तेवढेच. एलईडीच्या नगाला तिसऱ्या स्टेशनवर ६८ सेकंद लागतात, टॅक्टच्या जेमतेम अर्धा सेकंद पुढे. त्यामुळे क्रमाची कटकटही जवळजवळ जाते. पॅकिंगचं स्टेशन मात्र आता सर्वांत भरलेलं आहे आणि निवडही तिथेच सर्वांत जास्त. म्हणून भांड्यांचे संच लाइनबाहेर भरून घ्या. मोकळ्या झालेल्या तिघांपैकी एकाला ते काम द्या, उरलेले दोघे चेंजओव्हर आणि रिवर्कच्या टेबलावर.